कापूस टेकला कुठे?

मुलांनो, जरा माझ्याबरोबर कल्पना करा. तुम्ही खिडकीजवळच्या स्टुलावर बसला आहात. बाह्या कोपराच्या वर गुंडाळल्या आहेत आणि डोळे गच्च मिटले आहेत. (खरोखर मिटू नका हं, नाहीतर पुढचं वाचणार कसं?) समोर कुणीतरी उभं आहे. त्याच्या चिमटीत कापसाचा एक तंतू आहे, मांजरीच्या मिशीएवढा बारीक. हा माणूस तो तुमच्या अंगावर कुठेतरी टेकवणार आहे. कुठे, ते सांगणार नाही. कधी, तेही सांगणार नाही. टेकला, की तुम्ही त्या जागी बोट ठेवायचं. एवढंच.

आता वाट बघा.

बघा कशी गंमत होते! कापूस अजून हवेतच आहे आणि इकडे मानेवर मुंगी चालल्यासारखं वाटायला लागलं. दंडावरची लव उभी राहिली. एरवी दिवसभर आपण या कातडीला विचारतसुद्धा नाही. पण डोळे मिटले, की ती सशासारखे कान टवकारून बसते.

भिंगरीने हा खेळ पहिल्यांदा पाहिला तो शाळेत. भिंगरी हे काही तिचं खरं नाव नव्हे. एका जागी बसेल तर शपथ, म्हणून मामाने ती लहान असताना तिला भिंगरी म्हणायला सुरुवात केली, आणि नाव चिकटलं ते चिकटलंच. तिचे पाय फिरत त्याच्या दुप्पट तिची जीभ फिरे, आणि जिभेवर कायम प्रश्न. पावाला आतून भोकं का पडतात? जांभई एकाची दुसऱ्याला कशी लागते? आई म्हणायची, "हिच्या प्रश्नांना उत्तरं देत बसले तर माझं लग्न व्हायचं राहून जाईल." यावर भिंगरी विचारायची, "पण तुझं तर झालंय ना?"

तर त्या दिवशी आरोग्य केंद्रातून एक ताई शाळेत आल्या. अंगात पांढरा कोट, आणि कोटाच्या खिशात कापसाची पुरचुंडी. आल्या आल्या त्यांनी वर्गातला दिवा बंद केला आणि खिडक्यांचे पडदे बाजूला सारले.

"दिवा का घालवला?" भिंगरीने लगेच विचारलं.

"कातडी तपासायची आहे ना, तिला दिवसाचा उजेड लागतो. दिव्याच्या पिवळ्या उजेडात फिकट चट्टे दडी मारून बसतात."

"कसले चट्टे?"

"कुष्ठरोगाचे."

तो शब्द मुलांनी ऐकला होता, पण तो मोठी माणसं आवाज खाली करून बोलतात तेवढाच. मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला, "बाप रे! मग तुम्ही त्या लोकांना हात कसा लावता?"

"असा," म्हणत ताईंनी जाऊन त्याचाच कान धरला. सगळे खो-खो हसले, आणि ज्याचा कान होता तोही हसला.

"हा रोग फार आळशी आहे," ताई सांगू लागल्या. "कुणाच्या अंगात शिरला, तरी वर्षानुवर्षं घोरत पडतो. बहुतेकांच्या अंगात तर त्याची डाळच शिजत नाही. हात हातात घेतला, शेजारी बसून जेवलं, म्हणून काही तो टुणकन उडी मारत नाही. पण आळशी असला तरी लबाड आहे हं. अंगावर चट्टा उठतो, तो दुखत नाही, खाजत नाही. उलट तिथलं जाणवणंच हळूहळू मावळत जातं. आता जे दुखत नाही, त्याच्याकडे कोण बघतं?"

मुलं आपापल्या बाह्या वर करून हात निरखू लागली.

"म्हणून मी बघत फिरते," ताई म्हणाल्या.

भिंगरीच्या शेजारी तिची मैत्रीण बसायची. पुढचे दात पडल्यामुळे सगळे तिला बोळकी म्हणत. बोळकीच्या गालावर एक पांढुरका डाग होता. तिने तो ओढणीने झाकायला सुरुवात केली होती, आणि ते ताईंच्या नजरेतून सुटलं नाही. त्यांनी बोळकीला खिडकीशी बसवलं, डोळे मिटायला सांगितले, आणि कापसाचा तंतू आधी कपाळाला टेकवला. बोळकीचं बोट कपाळावर. मग हनुवटीला. बोट हनुवटीवर. मग अगदी अलगद त्या डागावर. बोळकीचं बोट टपकन डागावर!

"शाब्बास. हा साधा डाग. याला जाणवतंय सगळं. मलम लाव, जाईल."

बोळकीने असा श्वास सोडला, की तिच्या दातांच्या फटीतून शिट्टी वाजली.

भिंगरी मात्र वेगळ्याच विचारात होती. "ताई, तुम्ही तिला 'लागलं का, लागलं का' असं विचारत का नाही? बोटच का ठेवायला सांगता?"

ताईंनी पुरचुंडीतून चिमूटभर कापूस काढून भिंगरीच्या हातावर ठेवला. "करून बघ. एकदा विचारून कर, एकदा न विचारता कर. मग तूच मला सांग."

उत्तराच्या जागी दुसरा प्रश्न देणारं माणूस भिंगरीला आजवर भेटलं नव्हतं. त्या दिवसापासून ती त्यांना कापूसताई म्हणू लागली, आणि मग सगळी शाळाच म्हणू लागली.

शाळा सुटली ती भिंगरी तडक बेकरीत. पुढच्या बाजूला काउंटरवर तिची आई पाव आणि बिस्किटं विकायची आणि मागे भट्टीवर तिचा मामा असायचा. बाबा बोटीवर कामाला; वर्षातून एकदा घरी यायचे. त्यामुळे घरात तिघंच, आई, मामा आणि भिंगरी, आणि तिघांचीही चूल त्या एका भट्टीवर पेटायची.

मामा म्हणजे बेकरीतलं मोठं प्रस्थ. भट्टीचं दार उघडलं, की आगीचा असा भपकारा यायचा, की बाकीचे दोन पावलं मागे सरकत. दुहेरी फडकं घेतल्याशिवाय पाव भाजायच्या पत्र्याला हात लावायची कुणाची छाती नव्हती. मामा मात्र बाहेर काढलेला तापलेला पत्रा उजव्या हाताच्या कडेने खुशाल बाजूला सरकवायचा, जशी तुम्ही जेवल्यावर ताटली सरकवता तशी. बघणाऱ्यांच्या अंगावर काटा यायचा. मामा हसायचा. "गेंड्याची कातडी आहे माझी! अरे, भट्टीच मला घाबरते." भिंगरीने शाळेत हे इतक्या वेळा सांगितलं होतं, की बोळकीला ते पाठ झालं होतं.

"मामा, डोळे मीट," भिंगरी म्हणाली.

"का गं भिंगरीबाई? चॉकलेट देतेस?"

"तपासणी आहे. मीट म्हणते ना!"

मामा पिठाच्या पोत्यावर बसला. त्याचे हात कोपरापर्यंत पिठाने माखलेले होते. ते नेहमीच तसे असत. भिंगरीने कापूस काढला. आधी विचारून करायचं ठरवलं.

"आता लागलं?"

"लागलं."

"आता?"

"हो."

"आणि आता?"

"हो गं बाई, गुदगुल्या होतात!"

मनगट, दंड, कोपर, सगळीकडे 'हो'. मामा पास. भिंगरी निघणार, एवढ्यात तिला एक मजा दिसली. भट्टीपाशी बसून मामाला घाम फुटला होता. घामाने हातावरचं पीठ भिजून त्याची कणीक झाली होती. पण उजव्या कोपराच्या खाली, बाहेरच्या अंगाला, एका जागी पीठ कोरडं ठणठणीत होतं. भोवती चिकट कणीक आणि मध्ये कोरडं बेट. तिने फुंकर मारली, तर तिथलं पीठ भुरकन उडून गेलं.

"मामा, तुला इथे घाम का येत नाही?"

"तेवढा भाग सुट्टीवर असेल," मामा म्हणाला आणि भट्टीकडे वळला.

संध्याकाळी जेवताना भिंगरीने मामाचा हात धरून उलटसुलट करून पाहिला. मामाने हात धुतले होते, पीठ नव्हतं. दिवा डोक्यावर होता. काही दिसलं नाही. कातडी सगळीकडे सारखीच पिवळी. आई ओरडली, "अगं, जेवू दे त्याला! हात काय बघतेस, भविष्य सांगणार आहेस का?"

दिव्याच्या उजेडात दडी मारून बसतात. भिंगरीला कापूसताईंचं वाक्य आठवलं आणि मनात शंकेची पाल चुकचुकली. पण मामाने तर प्रत्येक वेळी 'हो' म्हटलं होतं! मग?

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तिने बोळकीला भिंतीकडे तोंड करून बसवलं. विचारून करत होती. "आता? आता? आता?" बोळकी हो, हो, हो म्हणत होती. आणि मग भिंगरीच्या डोक्यात काय आलं कोण जाणे, तिने कापूस टेकवलाच नाही. हवेतच धरला आणि विचारलं, "आता?"

"हो," बोळकी म्हणाली.

"कुठे?"

"मानेवर. डावीकडे."

"मी टेकवलाच नव्हता!"

"चल, खोटारडी! मला लागला!"

बोळकी खोटं बोलत नव्हती, हे भिंगरीला पक्कं ठाऊक होतं. तिला खरंच लागल्यासारखं वाटलं होतं. म्हणजे प्रश्नच चुगली करत होता! विचारलं, की समोरच्याला कळतं, काहीतरी झालं असणार. आणि मन आपलं 'हो' म्हणून मोकळं होतं. कापूसताई का विचारत नाहीत, ते भिंगरीला कळलं. त्या आनंदात तिने एक गिरकी घेतली. गिरकी पुरी व्हायच्या आत तिला मामा आठवला, आणि ती जागच्या जागी थांबली.

त्या दुपारी बेकरीच्या मागच्या अंगणात, नळापाशी, मामा हात धुऊन उन्हात बसला होता. काल जिथे पीठ कोरडं राहिलं होतं, तिथेच आता भिंगरीला चट्टा दिसला. तळहाताएवढा, आजूबाजूच्या कातडीपेक्षा फिका, कडा जरा लालसर. त्यावर लव नव्हती. पिठाखाली झाकलेला आणि रात्री दिव्याखाली लपलेला तो चट्टा उन्हात मात्र स्वच्छ दिसत होता.

"मामा, डोळे मीट. या वेळी मी विचारणार नाही. लागलं की बोट ठेवायचं."

"पुन्हा? काल पास झालो ना मी?"

"काल माझंच चुकलं होतं."

मामाने डोळे मिटले. भिंगरीने कापूस मनगटाला टेकवला. मामाचं बोट मनगटावर. दंडाला. बोट दंडावर. गालाला लावला, तर मामाने "ए चिमुरडे" म्हणत गाल चोळला. मग तिने श्वास रोखून चट्ट्यावर टेकवला.

मामा तसाच बसलेला.

तिने पुन्हा टेकवला. मग जरा फिरवला. मग उजव्या करंगळीवर टेकवला, तळहाताच्या कडेवर टेकवला.

मामा हसत म्हणाला, "अगं, कर की सुरुवात! का झोपलीस?"

भिंगरीने दुसऱ्या हाताने मामाची पापणी वर केली. मामाने खाली पाहिलं. कापूस त्याच्या करंगळीवर होता.

मामाने डाव्या हाताने ती करंगळी चोळून पाहिली.

"हे कुणी शिकवलं तुला?" मामाने विचारलं. त्याचा आवाज भट्टीवरचा नव्हता.

भिंगरीने सगळं सांगितलं. आळशी रोग, दिवसाचा उजेड, बोळकीचा गाल. तो शब्दही सांगितला. मामाने पटकन मागे वळून पाहिलं, कुणी ऐकलं तर नाही ना म्हणून.

"भिंगरे, हे कुणाला सांगायचं नाही. आईलाही नाही. मालकाच्या कानावर गेलं, तर उद्या भट्टीवर दुसरा माणूस असेल. आणि गिऱ्हाईक? माझ्या हातचा पाव कोण तोंडात घालेल? माझं काम जाईल, तुझ्या आईचंही जाईल. झाकली मूठ सव्वा लाखाची."

भिंगरीने मामाच्या मुठीकडे पाहिलं. "झाकलेली ठीक आहे रे. पण ती उघडेनाशी झाली तर? उघड बघू सरळ."

मामाने मूठ उघडली. चार बोटं सरळ झाली. करंगळी अर्धवट वाकलेली राहिली, आणि बाकीच्यांपासून जरा फटकून, रुसल्यासारखी.

"थंडीने होतं तसं," मामा म्हणाला.

"भट्टीपाशी थंडी?"

मामाने मूठ पुन्हा मिटली. मग भिंगरीनेच तोडगा काढला. "सांगायचं नाही, कबूल. पण विचारलं तर चालेल? तुझं नाव न घेता?"

एवढ्या काळजीतही मामाला हसू आलं. "विचारल्याशिवाय तुला जेवण पचायचं नाही. विचार बाई. पण नाव घेतलंस, तर माझ्याशी गाठ आहे."

आरोग्य केंद्र शाळेच्याच रस्त्यावर होतं. कापूसताई खिडकीत बसून चहा पीत होत्या. भिंगरीने आधी आपलं उत्तर दिलं. "विचारलं की माणूस उगाच हो म्हणतो. न टेकवताही हो म्हणतो. म्हणून विचारायचं नाही."

"न टेकवता करून पाहिलंस?" ताईंनी कप खाली ठेवला. "हे मी तुला सांगितलं नव्हतं."

"आता माझे प्रश्न. समजा, एक माणूस आहे. माझ्या ओळखीचाही नाही."

"बरं, नाही."

"समजा तो पाव भाजतो. म्हणजे समजा हं! तर त्या पावातून लोकांना रोग होतो का?"

"पाव खाऊन होत नाही. शिवाय भट्टीतून निघालेल्या पावात कोण जिवंत राहणार?"

"आणि तो बरा होतो का?"

"गोळ्या आहेत. फुकट मिळतात. कित्येक महिने घ्याव्या लागतात, एकही न चुकवता. आणि सुरू केल्या, की काही दिवसांतच त्याच्यापासून दुसऱ्याला लागण व्हायची भीती संपते."

"आणि त्याची करंगळी?"

ताईंनी कप बाजूला सरकवला. "रोग नक्की जातो. पण बधिर झालेला हात आणि वाकलेलं बोट, ते परत मिळेल की नाही, हे तो माणूस किती लवकर येतो त्यावर आहे. आज आला तर बरंच वाचेल. वर्षभराने आला, तर मला सांगता येणार नाही. तुझ्या त्या ओळखीच्या नसलेल्या माणसाला म्हणावं, उजेडात ये. मी कुणाला काही सांगत नसते."

भिंगरी धावत बेकरीत गेली आणि एका दमात सगळं ओतलं. मामाने ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"उद्या बघू."

उद्या झाला. मामा म्हणाला, "आज मोठी ऑर्डर आहे." परवा म्हणाला, "आज मालक बसलाय." त्याच्या पुढच्या दिवशी तर म्हणाला, "हात दाखवून अवलक्षण कशाला? चाललंय ते बरं चाललंय. दुखतंय का मला काही?"

"तेच तर!" भिंगरी ओरडली. "दुखत नाही, तेच तर!"

ओरडता ओरडता तिचं लक्ष मामाच्या उजव्या हाताकडे गेलं. तळहाताच्या कडेला, करंगळीच्या खाली, बोराएवढा फोड आला होता. फुटून त्यातलं पाणी पिठात मिसळलं होतं.

"मामा, हा चटका कधी बसला?"

"कुठला?"

"हा."

मामाने हात डोळ्यांजवळ नेला. फोड पाहिला. मग डाव्या हाताच्या बोटाने तो दाबून पाहिला. अजून जोरात दाबला. भिंगरीलाच कसंतरी झालं, तिने तोंड फिरवलं. मामाच्या कपाळावर मात्र एक आठीसुद्धा पडली नाही.

शेजारी पीठ मळणारा काका हे बघून म्हणाला, "गेंड्याची कातडी, दुसरं काय!"

रोज या वाक्यावर मामा मिशीला पीळ द्यायचा. आज त्याने भिंतीवरचं दुहेरी फडकं काढलं, उजव्या हाताभोवती गुंडाळलं, आणि मगच पुढचा पत्रा ओढला. काका आ वासून बघत राहिला.

सकाळी मामा आईला म्हणाला, "हात भाजलाय. दाखवायला जातोय. तूही चल जरा." भिंगरीला कुणी चल म्हटलं नव्हतं, पण ती आधीच चपला घालून दारात उभी होती.

कापूसताईंनी मामाला खिडकीजवळच्या स्टुलावर बसवलं. भिंगरीकडे पाहून त्यांनी ओळखही दाखवली नाही. दिवा बंद, पडदे बाजूला. शर्ट काढलेल्या मामाची पाठ, पोट, दंड त्यांनी उन्हात हळूहळू पाहिले. एखादा जिन्नस निवडताना बघतात तसे, घाई न करता. कापूस टेकवला. मामाचं बोट कुठे गेलं आणि कुठे नाही, ते पाहिलं. मग त्याचं कोपर वाकवून आतल्या बाजूला बोटांनी चाचपलं. "इथे एक दोरीसारखी नस असते. तुमची जाड झालीय. करंगळीला निरोप पोचवायचं काम हिचं. हीच आजारी पडली, तर निरोप कोण नेणार?" मग एक कागद मामाच्या करंगळीत आणि शेजारच्या बोटात धरायला दिला आणि ओढला. मामाने दात-ओठ खाऊन धरला, तरी कागद सहज सुटून आला. पोती उचलणारा मामा त्या कागदाकडे बघत राहिला.

डॉक्टर आले. त्यांनीही सगळं पाहिलं आणि आईकडे वळून शांतपणे सांगितलं. "कुष्ठरोग आहे. आणखी उशीर न करता आलात, हे चांगलं केलंत. आजच गोळ्या सुरू करू."

आई बाकावर मामाच्या शर्टाशेजारी बसली होती. तिने मांडीवरची पिशवी उचलली आणि त्या शर्टापासून लांब, पलीकडच्या बाजूला ठेवली. मग स्वतःही थोडी सरकली. अगदी थोडी. तिला स्वतःला ते कळलं असेल की नाही, कोण जाणे. मामाला कळलं. त्याने मान खाली घातली आणि उजवा हात डाव्या हाताखाली लपवला.

"माझी भट्टी?" त्याने जमिनीकडे बघत विचारलं.

"भट्टी चालू ठेवा," ताई म्हणाल्या. "पण जाड हातमोजे घालून. रोज रात्री हात नीट बघायचा, कुठे भाजलं-कापलं का ते. तुमचा हात आता ओरडणार नाही, त्याच्या वतीने डोळ्यांनी ओरडायचं. आणि मालकाला सांगायचं की नाही, ते तुम्ही ठरवा. आमच्याकडून बाहेर जाणार नाही."

"आणि आम्ही?" आईने विचारलं. "आम्ही एका घरात राहतो. ही पोर..."

"म्हणूनच घरातल्या सगळ्यांनाही तपासायचं. भिण्यासारखं काही नाही. नुसतं बघून ठेवायचं. चला, आधी कोण बसतं?"

मामा स्टुलावरून उठला. स्टूल रिकामं झालं. आई जागेवरून हलेना. मामा भिंतीला टेकून उभा राहिला, आपण कुणाच्या जवळ उभं राहावं हे न कळल्यासारखा.

भिंगरीने आईकडे पाहिलं. पलीकडे ठेवलेल्या पिशवीकडे पाहिलं. मग ती जाऊन स्टुलावर बसली आणि बाह्या कोपराच्या वर गुंडाळल्या. कापूसताई कापूस घेऊन पुढे आल्या, तशी ती म्हणाली,

"ताई, तुम्ही नंतर तपासा. आधी मामा तपासेल."

"मी?" मामा म्हणाला.

"मी तुला तपासलं ना? मग आता तुझी पाळी. त्याच हाताने हं, उजव्या."

मामाने ताईंकडे पाहिलं. ताईंनी कापूस त्याच्यापुढे धरला. त्याने अंगठा आणि पहिल्या बोटाच्या चिमटीत तो तंतू घेतला. करंगळी बाजूला रुसून उभी राहिली. आई बाकावरून अर्धी उठली आणि तशीच थांबली.

"आणि विचारायचं नाही," भिंगरीने बजावलं. "'लागलं का' असं विचारायचं नाही. बघते मी, तू कुठे टेकवतोस ते."

मग तिने डोळे गच्च मिटले, एक बोट वर उचलून तयार ठेवलं, आणि जन्मात पहिल्यांदाच, अजिबात न हलता, बसून राहिली.